हरल्यानंतरचा चेहरा

बुधवार, २ फेब्रुवारी

काल हरलो. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मतदान झालेलं पहिलंच राज्य, आणि तेही असं, की कुणाला शंकासुद्धा आली नव्हती.

बाईंना कळलं तेव्हा मी त्यांच्या डाव्या डोळ्याला लायनर लावत होते. ब्रेंडन आत आला, दार लावून घेतलं. अख्खा प्रचार ह्या पोराच्या हातात, आणि चेहरा पांढराफटक. "गव्हर्नर, हे राज्य गेलं आपल्या हातातून," एवढंच म्हणाला.

मी हात मागे घेतला. डोळ्यात पाणी आलं की लायनर पसरतं, म्हणून टिश्यू धरून उभी राहिले. पाणी आलं नाही. पापणी हलली नाही. इतकी वर्षं लोकांच्या चेहऱ्यांना हात लावतेय. आधी न्यू जर्सीत आयसेलिनला पार्लरमध्ये नवऱ्या मुली, मग टीव्ही स्टुडिओत बातम्या देणारे. वाईट बातमी कानावर पडली की कातडी काहीतरी करते. कुठे ओढली जाते, कुठे एकदम सैल पडते. बाईंची जिथल्या तिथे.

"उजवा राहिलाय, व्ही," म्हणाल्या.

उजवा केला.

हॉलमध्ये छताला फुग्यांची जाळी बांधलेली. फुगे सोडायचे नाहीत असं कुणीतरी सांगितलं, पण उतरवणार कसे? भाषणभर लोक मधूनमधून वर बघत होते. बाई हसत बोलल्या. जिंकलेल्या त्या तरुण सिनेटरचं अभिनंदन केलं, 'पुढच्या राज्यात भेटू' म्हणाल्या. मग लिफ्टमध्ये आलो. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो, तरी हसू तसंच. कॉरिडॉरमध्येही तसंच.

मी क्लेन्झर घेऊन खोलीत गेले तर म्हणाल्या, "आज राहू दे."

सकाळी परत गेले. मेकअप जसाच्या तसा. उशीवर एक डाग नाही.


शुक्रवार, ४ फेब्रु.

दुसऱ्या राज्यात आलो. अजून अडीचेक आठवडे आहेत मतदानाला. प्रचाराचं भाड्याचं विमान परत गेलं, आता बस. बसमध्ये अर्ध्या सीट्स रिकाम्या. जे नाहीत त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. जेन, जी कायम पुढच्या सीटवर बसून फोनवर देणगीदारांशी गोड बोलायची, तिची शाल सीटवर राहिलीय. तिच्या जागी कुणी बसत नाही.

परवापर्यंत ब्रेंडनचे दोन्ही फोन सतत वाजायचे. आता तो फोन करतो आणि वाट बघतो.

हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये नवा सल्लागार आला. सगळे त्याला 'डॉक्टर' म्हणतात, कशाचा डॉक्टर ते विचारलं नाही. त्याने मंगळवारचं भाषण भिंतीवर लावलं, बाईंच्या चेहऱ्यावर थांबवलं, आणि काठी घेऊन बोलायला लागला. इथे थकवा दिसतो. इथे तुच्छता. हा भाग लोकांना आवडत नाही. बाई समोरच बसलेल्या, हातात कॉफी. भिंतीवर त्यांचं तोंड दाराएवढं, आणि तो त्याच्यावर काठी टेकवून, प्लॉट दाखवावा तसा.

मग माझ्याकडे वळला. "तुम्ही करता ना हे?"

मी हो म्हणाले.

"हे सगळं नवं करायचं."

बाईंकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. डोकं थोडं तिरकं करून, ओळखीचं कुणी आहे का बघतात तसं.


रविवार, ६ फेब्रु.

सईला फोन. पाचव्यांदा वाजल्यावर उचलला. ती इथून दोन तासांवर आहे, ह्याच राज्यात तिचं कॉलेज. म्हणजे होतं. ह्या सेमिस्टरला तिने ब्रेक घेतलाय. खोलीतच असते. तिची रूममेट मला गुपचूप मेसेज करते: आज जेवली, आज नाही, आज पडदे उघडले नाहीत.

"आयम फाइन, आई." आवाज कापसातून आल्यासारखा.

"मी येऊ का?"

"तुझं इलेक्शन आहे ना? डोन्ट."

सुधीरने घरून, न्यू जर्सीहून फोन केला. तो काही टोचून बोलत नाही, त्यानेच जास्त लागतं. "तू तिथे आहेस म्हणून मी निर्धास्त होतो, वैजू."

सुट्टी मागितली. ब्रेंडन म्हणाला, मतदान होईपर्यंत नाही, प्लीज. बाईंना थेट विचारलं असतं तर दिली असती. बाबा गेले तेव्हा मी नाशिकला होते, बाईंनी स्वतः फोन केला होता, सेक्रेटरीकडून नाही. 'वैजयंती' असं पूर्ण नाव घेऊन. नाव अडखळत घेतलं, पण घेतलं. त्या बाईंना विचारलं असतं. आताच्या ह्या बाईंना विचारवलं नाही.


सोमवार, ७ फेब्रु.

नवी बाई आली. मार्नी. कुठल्याशा शाळेत नाटक शिकवते. उंची बाईंएवढी, खांदे तसेच, हनुवटीसुद्धा जवळपास. लाइट आणि कॅमेरा लावताना तासन्‌तास कुणाला तरी त्या जागी उभं राहावं लागतं. आधी कुणालाही उभं करायचे. आता 'डॉक्टर'ना नवा चेहरा कॅमेऱ्यावर तपासून हवाय, म्हणून बाईंसारखीच हवी.

साधी आहे. दोनदा थँक यू म्हणाली. खुर्चीत बसल्यावर डोळे मिटले आणि म्हणाली, "कुणी चेहऱ्याला हात लावला की मला झोप येते."

तिच्यावर दुपारपर्यंत तीन चेहरे काढले, पुसले. चौथा त्यांना आवडला. भुवया किंचित खाली, गालावर ऊब, ओठांची कड पुसट. डोळ्यांखालचं सगळं झाकायचं नाही, थोडं ठेवायचं. "रात्र जागून काढलेली, पण प्रेमापोटी," असं डॉक्टर म्हणाले. मार्नीने आरशात बघितलं आणि त्या चेहऱ्याला साजेसं हसली. कुणी सांगितलं नव्हतं.


गुरुवार, १० फेब्रु.

आता क्रम असा: सकाळी आधी मार्नी, कॅमेरा, डॉक्टरांची मान हलली की मग बाई. मार्नीचा फोटो आरशाला चिकटवते आणि बघून बघून बाईंवर काढते.

आज मधेच हात थांबला. मी बाईंचा चेहरा मार्नीवर काढत नव्हते. मार्नीचा बाईंवर काढत होते.

बाई म्हणाल्या, "काय झालं?"

"काही नाही."

"जमत नाहीये ना माझ्यावर?"

खरं म्हणजे नव्हतं जमत. सगळं त्याच जागी, तोच रंग, तोच ब्रश. मार्नीवर जिवंत वाटतं, बाईंवर वर तरंगतं. मी म्हटलं, थकवा आहे, झोप हवी. त्यांनी आरशातल्या फोटोकडे बघितलं. "ही झोपते ना नीट?" असं विचारलं. रागाने नाही, काळजीने.

दुपारी एका जेवणाच्या हॉलमध्ये सभा. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले, बाईंच्या लहानपणीच्या गावचे. हात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "मी गव्हर्नरना भेटायला थांबलोय. त्या येतायत ना?" बाई म्हणाल्या, "येतीलच इतक्यात." आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

ब्रेंडन हसला नंतर, म्हातारपण म्हणाला. मी नाही हसले.


शनिवार, १२ फेब्रु.

सर्व्हेचे आकडे पडलेलेच. ज्या मोठ्या लोकांनी जानेवारीत जाहीर पाठिंबा द्यायचं कबूल केलं होतं ते आता 'विचार करतोय' म्हणतात. एका महापौराने स्टेजवर बाईंच्या शेजारी उभं राहायचं टाळलं, फोटोच्या कडेला सरकत सरकत फ्रेमच्या बाहेर गेला. मी बघत होते.

सकाळची गोष्ट लिहून ठेवते, कुणाशी बोलता येत नाही.

मीटिंग रूममध्ये सगळे बसलेले. दार उघडलं, निळा कोट, आम्ही सगळे उभे राहिलो. मार्नी होती. लाइट टेस्टवरून आलेली, मेकअप तसाच. ती संकोचली, "बसा बसा" म्हणाली. आणि सगळे बसले. ती म्हणाली म्हणून.

थोड्या वेळाने बाई आल्या. घरातला स्वेटर, चेहरा धुतलेला. कुणाचं लक्षच गेलं नाही. बाई दाराशी थांबल्या, मग भिंतीलगतची एक खुर्ची घेऊन बसल्या, आणि आपल्याच प्रचाराची मीटिंग मागून ऐकली. ब्रेंडनला कळलं तेव्हा तो लाल झाला. बाई म्हणाल्या, "चालू द्या, छान चाललंय."

मार्नी आजकाल जेवायला जातानाही मेकअप काढत नाही. मी विचारलं तर म्हणाली, परत करावा लागतो ना तुम्हाला, तुमचे कष्ट वाचतात.


सोमवार, १४ फेब्रु.

बाईंना ताप. काल रात्रीपासून आवाज पूर्ण गेलाय. डॉक्टर (खरा, औषधाचा) म्हणाला दोन दिवस बेड रेस्ट.

आणि आज दुपारी गावातल्या प्रचार कार्यालयाबाहेर लोक थांबणार होते, बाई गाडीतून जाताना हात करणार होत्या. रद्द केलं तर बातमी होणार: हरल्या आणि आजारीही पडल्या. ब्रेंडन आणि नवा सल्लागार बराच वेळ खिडकीपाशी कुजबुजले. मग ब्रेंडन माझ्याकडे आला.

"फक्त गाडीतून. काच बंद. हात करायचा आणि पुढे. कुणाशी खोटं बोलायचं नाहीये."

मी म्हटलं, "बाईंना विचारलंत?"

"त्यांना बोलता येत नाहीये, व्ही."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. ब्रश खाली ठेवून खोलीबाहेर जाता आलं असतं, कुणी मारणार नव्हतं. मी मार्नीला खुर्चीत बसवलं. तिने डोळे मिटले. मी चेहरा काढला, आणि तो आजवरचा सगळ्यात चांगला झाला. बाईंचा निळा कोट, राखाडी स्कार्फ, लोकरीची टोपी. ती उठून उभी राहिली तेव्हा मी 'गव्हर्नर' म्हणणार होते, शब्द तोंडापर्यंत आला होता.

बाहेर पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होतं. गाडी गेली. मी वर बाईंच्या खोलीत जाऊन बसले, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. त्या जाग्या होत्या. बोटाने खिडकीकडे दाखवून भुवया उंचावल्या: काय चाललंय खाली? मी म्हटलं, बर्फ पडतोय.


त्याच दिवशी, जरा नंतर

मार्नी परत आली. अंगावर थंडी आणि डोळ्यांत काहीतरी वेगळंच. खुर्चीत बसली. मी कापसाने गाल पुसत होते तेवढ्यात सईचा फोन. हात भरलेले, म्हणून स्पीकरवर टाकला.

"आई, यू वोन्ट बिलीव्ह इट. मी तिला भेटले."

"कुणाला?"

"तुझ्या बाईंना."

रूममेटने ओढून आणलं होतं. मला सरप्राइज द्यायचं म्हणून कळवलं नव्हतं. दोघी रस्त्याकडेला उभ्या होत्या, भिजलेल्या. गाडी हळू झाली आणि सईने, महिनाभर कुणाशी धड न बोललेल्या माझ्या सईने, काचेवर टकटक केलं. काच खाली आली. सई म्हणाली, मी कित्येक दिवस घराबाहेर पडले नव्हते, आज तुमच्यासाठी पडले.

"आणि ती काय म्हणाली माहितीये? माझा हात धरला, आवाज पार बसलेला तिचा, आणि म्हणाली, मग उद्याही बाहेर पड. माझ्यासाठी नको. नुसतीच पड."

सई रडत होती. चांगलं रडणं. कितीतरी दिवसांनी आवाज तिचा, स्वतःचा.

"आई? आर यू देअर?"

"आहे गं," म्हटलं. "छान झालं."

फोन ठेवला. कापूस माझ्या हातात, त्यावर बाईंचा गाल. मार्नीने सगळं ऐकलं होतं. मराठी कळत नसलं तरी सई निम्मं इंग्रजीतच बोलते.

"तुमची मुलगी होती ती?" मार्नी म्हणाली. मग स्वतःच्या तळव्याकडे बघत, "हात फार गार होते तिचे."

मी तिचा उरलेला अर्धा चेहरा पुसला. बराच वेळ लागला.


गुरुवार, १७ फेब्रु.

कुणीतरी त्या वेळी फोटो काढला होता. ओली काच, अर्धा चेहरा, बाहेर आलेले दोन्ही हात, आणि त्यांत माझ्या पोरीचा हात. सई पाठमोरी आहे, लाल जॅकेट, ओळखू येत नाही. मला येते.

कालपासून फोटो सगळीकडे. टीव्हीवर, प्रत्येकाच्या फोनवर. 'हरल्यावर माणूस दिसला' असं एक जण म्हणाला टीव्हीवर. आकडे हलायला लागलेत. ब्रेंडनचे फोन परत वाजतात. तो 'विचार करणारा' महापौर उद्या स्टेजवर येणार आहे, मध्यभागी.

बाईंचा ताप उतरला. आज सकाळी मी नाश्त्याच्या वेळी गेले तर त्या पलंगावर बसून तो फोटो बघत होत्या. दोन बोटांनी मोठा करून, चेहऱ्यावर नेऊन.

मला वाटलं आता फुटणार. मी सांगायचं ठरवलं होतं, कसं सांगायचं तेही ठरवलं होतं. 'बाई, ती' एवढं म्हणाले असेन.

त्या म्हणाल्या, "ह्या दिवशी मी किती बरी दिसत होते."

आवाज अजून घोगरा. थट्टा असेल म्हणून तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती. खोटंही वाटलं नाही. आपला जुना फोटो बघून माणूस म्हणतं तसं.

"तू छान केलं होतंस," म्हणाल्या. "आज तसंच कर."

मी तसंच केलं. बोटं गार पडली होती, दोनदा कोमट पाण्यात बुडवून आणली.


शनिवार, १९ फेब्रु.

सई रोज बाहेर पडते. रूममेटने फोटो पाठवला: टेबलाशी बसून लोकांना फोन करतेय, प्रचार कार्यालयात, कानाला हेडफोन. केस धुतलेले. सुधीरने तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. अकोल्याहून माझ्या नणंदेचा फोन आला, वैजू, तुझ्या गव्हर्नरबाईंना माझा नमस्कार सांग, पोरीला माणसात आणलं त्यांनी.

सांगते, म्हटलं.

दुपारी मेकअप रूममध्ये दोन खुर्च्या. हल्ली दोघी एकाच वेळी बसतात, वेळ वाचतो. बाई आरशातून मार्नीकडे बघत होत्या.

"मी काय म्हणाले होते त्या मुलीला?"

मार्नीने माझ्याकडे बघितलं. मी ब्रश झटकत राहिले.

"उद्याही बाहेर पड, म्हणालात," मार्नी म्हणाली. "माझ्यासाठी नको. नुसतीच पड."

"हात कुठला धरला होता?"

"तिचा उजवा. मग माझा डावा वर ठेवला."

बाईंनी हवेत दोन्ही हात तसे करून बघितले. पुन्हा केले. मार्नीने पुढे वाकून त्यांचं मनगट किंचित वळवलं. "असं." नाटक बसवताना करतात तसं. दोघींचे चेहरे आरशात शेजारीशेजारी, दोन्ही माझेच. मला पावडरचा डबा सापडेना, समोरच होता.


रविवार, २० फेब्रु.

सुधीरला सांगितलं. कुणाला सांगायचं नाही अशी सही केलीय मी, पण नवऱ्याला सांगितलं.

"सईला सांगणार?"

"तिला कळायला नको?"

"कळायला हवं. पण ती आत्ता उभी राहिलीय, वैजू. त्याच एका गोष्टीवर उभी आहे."

"ती गोष्ट खोटी आहे ना पण."

"कुणीतरी म्हणालं ना तिला ते? माणसानेच म्हटलं ना? मग खोटं काय?"

मार्नी ते मनापासून म्हणाली होती, हे मला माहितीये. तिचे डोळे मी बघितले होते. पण सई मंगळवारी मत देणार ते मार्नीला नाही.

संध्याकाळी सईला फोन लावला. 'तुला एक सांगायचंय' म्हटलं. ती म्हणाली, थांब, आधी माझं ऐक, मी कॉलेजला मेल केला, फॉलच्या सेमिस्टरला परत जातेय.

मग माझं राहिलं.


मंगळवार, २२ फेब्रु.

मतदान.

सकाळपासून सगळे खूश, पण आवाज न करता. कुणी मोठ्याने म्हणत नाही जिंकतोय असं. पहिल्या राज्याची भीती सगळ्यांच्या अंगात अजून आहे. संध्याकाळी कुठल्या हॉलमध्ये काय, हे ठरलंय. फुगे नाहीत ह्या वेळी.

बाराच्या सुमारास सई हॉटेलवर आली. मला मिठी मारली, घट्ट. वजन उतरलंय पण डोळे जिवंत. मी तिला खालच्या खालीच जेवायला न्यायचं म्हणत होते. लिफ्ट उघडली आणि बाई बाहेर आल्या. खऱ्या. मागे ब्रेंडन.

ब्रेंडनने सईचं लाल जॅकेट बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं बाई पुढे निघून जातील. त्या थांबल्या.

"तूच ना ती?" म्हणाल्या. सईचा उजवा हात धरला. डावा वर ठेवला. मनगट बरोबर वळवलेलं. आवाज तेवढाच बसलेला, आता तर बरा झालाय त्यांचा घसा. "पडतेस ना रोज बाहेर? माझ्यासाठी नको. नुसतीच."

एक शब्द चुकला नाही. चेहरा मीच केलेला, गालावर ऊब, ओठांची कड पुसट. सई हसली, थँक यू म्हणाली. बाई गेल्या. मला आतून थोडं हलकं वाटलं. म्हटलं, संपलं, आता सांगायची गरजच नाही. खऱ्या बाईंनीच म्हटलं तिला ते. झालं खरं.

रस्त्यापलीकडच्या डायनरमध्ये बसलो. सईने सूप मागवलं आणि ढवळत बसली.

"आई, एक विचारू? वेडी म्हणू नकोस."

"विचार."

"ती कोण होती?"

"कोण कोण?"

"आत्ता भेटली ती. तुम्ही लोक कुणाला ठेवता का, गव्हर्नरसारखी दिसणारी? गर्दीत वगैरे पाठवायला?" तिने आवाज खाली आणला. "कारण ती नव्हती ती, आई. शी वॉज परफेक्ट. सगळं बरोबर म्हणाली. पण कुणीतरी शिकवल्यासारखं. त्या दिवशी गाडीत होती ती खरी. आय नो. माझा हात धरला होता तिने."

मी ग्लास जवळ ओढला. पाणी प्यायले.

"मत देऊन आलीस?" मी विचारलं.

"नाही अजून. आठपर्यंत आहे. तुला विचारून मग जाणार होते." माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी ताप आला की बघायची तशी, आई सांगेल ते खरं अशी. "तू फक्त हो किंवा नाही म्हण. ही खोटी होती ना?"

हो म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी. सगळं सांगायचं तर ते दोन शब्दांत मावणारं नाही, आणि सांगून संपल्यावर तिच्याकडे काय उरेल ते मला माहीत नाही. महिनाभर पडद्याआड पडलेली पोर. आणि न सांगावं तर ती जाऊन कुणाला मत देणार? आणि देऊ नको म्हणणारी मी कोण? चेहरा माझा.

"सई," म्हटलं मी. तेवढ्यात ब्रेंडनचा मेसेज. वर ये, दोघीही बसल्यात, वेळ कमी आहे.

दोघीही का? आज भाषण एकीनेच करायचंय ना. की त्यांनी अजून ठरवलं नाहीये? मी दोनदा वाचला. सईने फोनकडे बघितलं नाही, माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"मी खाली गाडीत थांबते," ती म्हणाली. "तू वर जाऊन ये. पण ये."

ब्रश घ्यायला म्हणून माझ्या खोलीत आलेय. पाच मिनिटं म्हटलं होतं, त्याहून जास्त झाली. ब्रेंडनने दोनदा दार वाजवलं. येते म्हटलं. खिडकीतून पार्किंग दिसतं. सईची गाडी तिथेच आहे, पुढची काच पांढरी झालीय, आत ती दिसत नाही. बर्फ परत सुरू झालाय.

आत्ता वायपर एकदा फिरले आणि थांबले.